चार चाकांचा हिशेब

काटकसर हा सद्गुण आहे, याविषयी या मासिकाच्या वाचकांत दुमत असणार नाही. परंतु काटकसरीचाच वेष घेऊन कधी कधी एक दुर्गुण घरात शिरतो, आणि तो ओळखण्यास साठी उलटलेल्या माणसासही विलंब लागतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी असेच घडले. दोष कोणाचा म्हणाल, तर घरच्या हिशेबाची वही ज्याच्या हाती आहे त्याचा, म्हणजे प्रस्तुत लेखकाचाच. ज्या घरी शेतीच्या कामाकरिता चारही चाकांनी ओढणारी मोटार आहे, किंवा घेण्याचे घाटत आहे, त्या मंडळींच्या उपयोगी पडावी म्हणून ही हकीकत आज या सदरात सांगत आहे.

आमचे घर वाशिमात आणि शेत मालेगावच्या रस्त्यावरून आत, पांदणीच्या वाटेने. वऱ्हाडातली काळी जमीन ज्याने पाहिली आहे त्यास अधिक सांगणे नको. उन्हाळ्यात तिला हात हात भेगा पडतात, आणि मृगाच्या दोन सरी झाल्या की तीच जमीन चाकाला अशी चिकटते की चाक कोणते व चिखल कोणता हे कळेनासे होते. म्हणून धाकट्या बंधूच्या चिरंजीवाने तीन वर्षांपूर्वी एक जुनी चारचाकी जीप विकत घेतली. शेतीचे सर्व तोच पाहतो. नेहमी ती मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालते. चिखल लागला की शेजारचा लहान दांडा ओढावा, म्हणजे पुढचीही दोन चाके ओढू लागतात. जीप आल्यापासून सोयाबीनचे बियाणे, खत व माणसे वेळेवर शेतात पोहोचू लागली, हे मान्य केले पाहिजे.

गेल्या ज्येष्ठात पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले. पुतण्या म्हणाला, “मोठे काका, चारही एकदम बदलावेत असे जाणकार सांगतात.” मी मागचे टायर पाहिले. त्यांच्या खाचा बऱ्याच झिजल्या होत्या, पण आणखी वर्ष निघेल असे दिसले. मी वहीत दोनच टायरांची रक्कम मांडली व म्हणालो, “जे फाटले ते शिवावे, धड वस्त्र फेकू नये.” पुतण्या वडीलधाऱ्यांपुढे बोलणारा नव्हे. तो गप्प राहिला.

दुकानात आमच्या मापाचा टायर शिल्लक नव्हता. दुकानदाराने थोडा मोठा काढून दिला. मोठा टायर बसविल्यावर चाक पुरते वळविले की तो आतल्या पाट्याला घासू लागला. त्यावरही त्याच्यापाशी तोड होती. हब व चाक यांच्या मध्ये बसवावयाची ॲल्युमिनियमची जाड चकती, जिला स्पेसर म्हणतात, ती त्याने दोन्हीकडे बसविली आणि चाके सव्वा इंच बाहेर काढली. घासणे बंद झाले. “काही होत नाही गुरुजी,” तो म्हणाला, “गाडी कशी भारी दिसून राहिली पहा!” गाडी खरोखरच रुबाबदार दिसत होती, आणि मीही दोन टायरांचे पैसे वाचल्याच्या समाधानात होतो.

श्रावणातल्या एका रविवारी घरातील दोन स्त्रिया व दोन नातवंडे शेतावर गेली होती. परतताना पाऊस झाला, म्हणून पुतण्याने पांदणीत चारही चाके जोडून घेतली. मोठ्या रस्त्यास लागेपर्यंत ऊन पडून सिमेंटचा रस्ता कोरडा झाला होता. त्याने दांडा परत टाकून पाहिला. दांडा जागचा हलेना. थोडे पुढे जाऊन सुटेल, अशा समजुतीने तो तसाच निघाला. वळणावर गाडी कोणी मागून धरून ठेवल्यासारखी अडू लागली, रबराचा वास येऊ लागला, आणि आठ-दहा किलोमीटर गेल्यावर डावीकडून खट् खट् असा आवाज सुरू झाला. स्टिअरिंग हातात थरथरू लागले. त्याने गती कमी करून गाडी कडेस घेतली. दोन फर्लांगांवर नाल्याचा पूल होता.

बाहेरचे नट तपासले, तर सर्व घट्ट! ते तो दर आठवड्यास पाहतच असे. शेवटी जॅक लावून चाक उतरविले, तेव्हा खरा प्रकार दिसला. स्पेसर स्वतः ज्या पाच नटांनी हबला बांधलेला असतो, ते नट चाकाच्या आड, स्पेसरच्या पोटात दडलेले असतात. त्यांपैकी दोन स्टड तुटले होते व उरलेले तीन नट बोटांनी फिरत होते. चाकाची पाच बंधने बाहेरून शाबूत आणि आतून सुटलेली, असा तो देखावा होता. रथाचे चाक अक्षावर रोखून धरणाऱ्या लहानशा खिळीस अमरकोशात ‘अणि’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. इतक्या क्षुद्र वस्तूचे नाव पाठ करावयास का लावतात, असे विद्यार्थिदशेत मला वाटे. त्या दिवशी पुतण्याने हातावर ठेवून आणलेले तुटक्या स्टडचे दोन तुकडे पाहिले, आणि ती शंका कायमची फिटली.

त्या रात्री झोप आली नाही. उठून कागद-पेन्सिल घेतली. जे गणित चाळीस वर्षे मुलांकडून करून घेतले, ते स्वतःच्या घरी करावयास मी विसरलो होतो.

टायरच्या बाजूवर जो आकडा असतो, तो असा वाचावा. आमच्या जुन्या टायरवर २३५/७० आर १६ असे होते. २३५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ७०, अर्थात १६४.५ मिलिमीटर. १६ म्हणजे आतील रिमचा व्यास, इंचांत, त्याचे ४०६.४ मिलिमीटर होतात. भिंत वर एक व खाली एक, म्हणून दोनदा धरावी. बेरीज ७३५.४ मिलिमीटर, हा नव्या टायरचा व्यास. मागचे टायर सुमारे ५ मिलिमीटर झिजलेले होते. तेही दोनदा वजा केले, तेव्हा व्यास ७२५.४ राहिला आणि परीघ सुमारे २२७९ मिलिमीटर आला. पुढच्या नव्या टायरचे माप २४५/७५ आर १६. त्याच रीतीने त्याचा व्यास ७७३.९ व परीघ सुमारे २४३१ मिलिमीटर. गाडीच्या भाराने टायर दबतो, त्यामुळे रस्त्यावरचे माप किंचित कमी भरते. परंतु तुलनेस त्याने फारशी बाधा येत नाही. फरक १५२ मिलिमीटरांचा, म्हणजे बरोबर सहा इंच!

आता एक किलोमीटर जाण्यास पुढचे चाक सुमारे ४११ फेऱ्या घेईल, आणि मागचे चाक सुमारे ४३९. दर किलोमीटरमागे २७-२८ फेऱ्यांची तफावत. दहा किलोमीटरांत ती पावणेतीनशेच्या घरात जाते. या फेऱ्या गेल्या कोठे, हाच खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर समजण्यास जुनी बैलगाडी आठवावी. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात दमणी होती. चाकाला नवी धाव चढवावयाची झाली की सुतार दोन्ही चाकांस सुतळी गुंडाळून माप घेई, आणि एका चाकाची धाव बदलावयाची असली तरी दुसरे चाक मापून पाही. तरीही दोन चाकांत बोटभर फरक राहिला, तर दमणी किंचित एका अंगास कलून चाले, एवढेच. कारण तिचे प्रत्येक चाक आसावर मोकळे फिरते. लहान चाक चार फेऱ्या जास्त घेते. मोठ्यास त्याचा जाच नाही.

मोटारीत तसे नाही. इंजिनाची शक्ती गिअरपेटीतून ट्रान्सफर केस नावाच्या दुसऱ्या पेटीत येते. तेथून एक लांब दांडा पुढच्या आसाकडे व दुसरा मागच्या आसाकडे जातो. आमच्यासारख्या जीपमध्ये चारही चाके जोडली की हे दोन्ही दांडे एकमेकांस जखडले जातात. एकाची एक फेरी तर दुसऱ्याचीही एकच. रस्ता सांगतो की मागच्यांनी २८ फेऱ्या अधिक घ्याव्यात; पेटी सांगते, एकही अधिक मिळणार नाही. चिखलात ही तंटाबखेडी चिखलच मिटवितो, कारण चाक थोडे घसरते आणि तफावत निघून जाते. परंतु कोरडे सिमेंट किंवा डांबर चाकाला घसरू देत नाही. मग दांड्यांना पीळ भरतो, दाते एकमेकांवर दाबले जातात, टायर खरवडतात, आणि ज्या दांड्याने हे बंधन सोडावयाचे तो दांडाच त्या दाबाने हलेनासा होतो. आमच्या जीपचा दांडा अडला तो गंजाने नव्हे, माझ्या वहीतल्या बचतीने.

ही रचना आजची नाही. १९४१ साली अमेरिकेत लष्करासाठी ज्या विलिस जीप निघाल्या, त्यांतही पुढचा व मागचा दांडा असाच जखडला जाई. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत त्याच जीपांची जुळणी सुरू केली, आणि तिच्या नाशिकच्या कारखान्यातून २०२० साली बाहेर आलेल्या नव्या थारमध्येही मूळ तत्त्व तेच आहे. म्हणून अशा गाडीचे चारही टायर समान असले, तरी कोरड्या पक्क्या रस्त्यावर चारही चाके जोडू नयेत. कारण वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात व हाच पीळ थोड्या प्रमाणात भरतो. दांडा अडलाच, तर बळ करू नये. गाडी सरळ रेषेत चार हात मागे घ्यावी. पीळ उलगडतो व दांडा सुटतो. ही साधी युक्ती त्या रविवारी ठाऊक असती, तर निदान अर्धे संकट टळते.

काही मोटारींत चारही चाके सदैव ओढतात, आणि पुढच्या-मागच्या दांड्यांमध्ये तफावत सोसणारा डिफरन्शियल किंवा क्लच बसविलेला असतो. त्या निश्चिंत आहेत असे कोणी समजू नये. वळणापुरते सोसावे म्हणून जी योजना केली, तिला मग सरळ रस्त्यावरही अखंड सोसावे लागते. ती तापते व झिजते. सुबारू ही जपानी कंपनी आपल्या अशा मोटारींकरिता सांगते की चार टायरांच्या परिघांत पाव इंचाहून अधिक फरक नसावा. पाव इंच! आणि आमचे अंतर सहा इंचांचे होते. एकाच आसावरच्या डाव्या-उजव्या टायरांत फरक असेल, तर त्या आसाचा डिफरन्शियल तोच भार सोसतो. शिवाय आजच्या मोटारींची ब्रेक सांभाळणारी यंत्रणा चारही चाकांच्या गती ताडून पाहते. विषम टायरांनी तिचीही दिशाभूल होऊ शकते.

आता स्पेसरविषयी. पाण्याने भरलेली घागर कडेवर घेतली तर घरभर नेता येते. तीच हात लांब करून धरली तर अंगणही ओलांडवत नाही. वजन तेच, परंतु शरीरापासूनचे अंतर वाढले. चाक सव्वा इंच बाहेर गेले की हबच्या बेअरिंगची स्थिती त्या हातासारखी होते. कारखान्याने जो भार बेअरिंगच्या जवळून नेण्याची योजना केली होती, तो बाहेर लोंबू लागतो. पुढच्या चाकास आणखी एक बाधा होते. वळविताना चाक ज्या बिंदूभोवती फिरते त्यापासून ते दूर जाते, म्हणून प्रत्येक दगडाचा हिसका थेट स्टिअरिंगवर, म्हणजे चालविणाऱ्याच्या मनगटावर येतो.

त्यातच स्पेसरचे मधले छिद्र हबच्या कड्यावर नेमके बसणारे नसले, तर चाक मध्यावर धरले जात नाही व सर्व ताण त्या पाच स्टडांवर येतो. आमचा स्पेसर असाच सैल होता. शिवाय असे नट बसविल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरांनी मोजमापाच्या पान्याने पुन्हा आवळावे लागतात, आणि आतले नट आवळावयाचे तर चाक काढावे लागते. हे आम्हांस कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. तशात पिळाने ताणलेल्या दांड्यांचे धक्के त्याच चाकावर बसत होते. तुटण्यास आणखी काय हवे?

स्पेसर सर्वथा त्याज्य आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. चाकांचे अंतर कमी-अधिक करणे शेतकऱ्यास नवे नाही. पिकाच्या ओळींप्रमाणे ट्रॅक्टरची चाके उलटी बसवून आपण ते करतोच. परंतु ट्रॅक्टरचा आस त्याच हेतूने घडविलेला असतो, व कारखान्याच्या पुस्तकात त्याची मापे दिलेली असतात. ज्या गाडीच्या पुस्तकात स्पेसरचे नाव नाही, तीत तो घालणे हे गाडीच्या मूळ घडणीत फेरफार करणे होय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफारांना मर्यादा घालते. २०१९ च्या दुरुस्तीने, कायद्यात न बसणाऱ्या फेरफारासाठी मालकास दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. अपघात घडल्यास विम्याचा दावाही अडू शकतो, हे गृहस्थाने ध्यानात ठेवावे. आता समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे व तो आपल्या जिल्ह्यातील मालेगाव-कारंजा भागातून जातो. अशा रस्त्यावर ताशी शंभराहून अधिक गतीने जाणाऱ्या गाडीचे चाक आतून सैल असणे म्हणजे काय, याची कल्पनाही करवत नाही.

हे सर्व यंत्रशास्त्र बाजूस ठेवले तरी गृहस्थाने करण्यासारख्या गोष्टी फार सोप्या आहेत. चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे व एकाच वेळी घ्यावेत. टायरच्या बाजूवर चार अंकी मुद्रा असते. पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल, तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. दुकानात ती वाचून घ्यावी. दर आठ-दहा हजार किलोमीटरांनी टायरांची जागा आलटून पालटून बदलावी, म्हणजे चारही सारखे झिजतात. स्टेपनी त्याच मापाची असल्यास तिलाही या फेऱ्यात घ्यावे. एखादा टायर फुटून विषम टायर लावावा लागलाच, तर जोडी पुरी होईपर्यंत चारही चाके जोडणारा दांडा हातही लावू नये. सदैव चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीस तर तेवढीही मोकळीक नाही. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही निकामी ठरतो. आपल्या काळ्या चिखलात तो त्यापूर्वीच निरुपयोगी होतो.

आणि माप घेण्यास यंत्र नको. चारही टायरांत हवा सारखी भरावी. सपाट फरशीवर गाडी उभी करून टायर जेथे जमिनीस टेकतो तेथे टायरवर व फरशीवर खडूने एकेक रेघ मारावी. गाडी सरळ ढकलावी, आणि टायरवरची रेघ पुन्हा खाली टेकली की तेथे फरशीवर दुसरी रेघ मारावी. दोन रेघांमधील अंतर टेपने मोजावे. हाच त्या चाकाचा एका फेरीचा प्रवास. चारही चाकांचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत. आमच्या सुताराची सुतळी ती हीच.

आमच्या जीपचे पुढे काय झाले, हे सांगून हा लेख संपवितो. स्पेसर काढून टाकले. मूळ मापाचे चार टायर आणले. हबचे एक बेअरिंग, पाच स्टड व ट्रान्सफर केसमधील झिजलेले दाते बदलावे लागले. जे दोन टायरांचे पैसे मी वाचविले होते, त्याच्या तिपटीहून अधिक रक्कम वहीत मांडावी लागली. ती मांडताना मला एक गोष्ट उमगली. टायरांचा खर्च मी टाळला नव्हता. त्याची केवळ जागा बदलली होती. जो खर्च दुकानाच्या पावतीवर दिसला असता, तो मी गाडीच्या पोटात, स्पेसरच्या आड, डोळ्यांना न दिसेल अशा ठिकाणी लोटला होता; आणि तो वसूल करावयास आला तेव्हा गाडीत मुले बसलेली होती.

पुतण्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. मीच त्यास म्हणालो, “तू चार सांगितले होतेस.” तो म्हणाला, “काका, त्या वेळी मीही आग्रह धरावयास हवा होता.” एवढेच आमचे बोलणे झाले. तेव्हापासून घरात एक नियम केला आहे. ज्या वस्तूवर घरच्या माणसांचा जीव अवलंबून आहे, तिच्या खर्चाविषयी जो ती वस्तू वापरतो त्याने बोलावयाचे, आणि वहीवाल्याने आधी ऐकून घ्यावयाचे.

गोठ्याशेजारच्या फरशीवर खडूच्या रेघा अजून आहेत. महिन्याच्या पहिल्या तारखेस नातू टेप घेऊन बसतो व मी वही घेऊन. मागील खेपेस चार आकड्यांत तीन मिलिमीटरांचा फरक निघाला. त्याने विचारले, “आजोबा, एवढा चालतो ना?” मी म्हटले, “चालतो; पण लिहून ठेव.”